आधी मुद्दा, मग कारणं

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्येच थांबली. नव्या कंपनीतला पहिलाच वर्ग, त्यात उशीर! सोबत एकच माणूस, तिथलाच इंजिनिअर. मी विचारलं, बाहेर कधी पडणार? त्याने आधी मोटर समजावली, मग ब्रेक, मग दाराचा सेन्सर... मला घाम फुटला. शेवटी म्हणाला, "म्हणजे... दोन मिनिटांत सुरू होईल."

"हे आधी सांगायचं ना हो!"

तो हसला. हसताना त्याचे कान लाल झाले आणि माझा राग कुठल्या कुठे पळाला.

वर्गात शिरते तर काय, मागोमाग स्वारीही आली आणि पहिल्याच खुर्चीवर बसली! इंजिनिअरांना सोपं, स्पष्ट लिहायला शिकवायचं, हे माझं काम. त्यांची खोड एकच, मुद्दा शेवटच्या ओळीत. साहेब लोक तिथवर वाचतच नाहीत. म्हणून मी रोज घोकून घ्यायची — आधी मुद्दा, मग कारणं. बाकीचे सुधारले. हा मात्र... चहाला येता का, एवढं विचारायलाही हवापाण्यापासून सुरुवात करायचा. मलाही ते ऐकत राहावंसं वाटायचं. घरी वहिनीने लगेच ओळखलं. कोण गं तो, म्हणाली. मी आपली साळसूदपणे भांडी आवरत राहिले.

बघता बघता शेवटचा दिवस आला. इथेच पुढचा वर्ग मिळत होता आणि लांबच्या शहरात मोठी नोकरीही. संध्याकाळपर्यंत काय ते कळवायचं होतं. खरं तर सगळं त्याच्या एका वाक्यावर अडलं होतं आणि ते काही केल्या त्याच्या तोंडून निघेना.

वर्ग सुटला. तो लिफ्टपाशी उभा होता. शेवटी मीच तोंड उघडलं... नोकरी चांगली आहे, पगार बरा आहे, आई म्हणते जा, दादा म्हणतो नीट विचार कर, शिवाय तिथली हवा —

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "आधी मुद्दा."

घ्या! माझीच शिकवण माझ्याच गळ्यात. आता माझे कान तापले.

"तुम्हीच सांगा ना आधी," मी पुटपुटले.

त्याने थेट माझ्याकडे पाहिलं. "मला तू आवडतेस. जाऊ नकोस."

पण मी पडले मास्तरीण. "आणि कारणं?"

"ती पुष्कळ आहेत. चहा घेता घेता सांगतो."

लिफ्ट आली, दार उघडलं, मिटलं, रिकामीच खाली गेली. आमचं लक्षच नव्हतं. मग मी फोन काढला आणि त्या लांबच्या नोकरीला नकार कळवला, एका ओळीत. कारणं लिहिलीच नाहीत. ती मला अजून ऐकायची होती.