ओळख पटेपर्यंत

मूलमध्ये तांदळात किडा सापडणे ही बातमी होत नाही. चारही अंगांना राईस मिल, वाऱ्यावर उडणारं तूस, आणि बारशापासून तेरवीपर्यंत पंगतीला भातच. असल्या गावात किड्यांनी पाहुणचार नाकारला, तरच लोकांनी तोंडात बोट घालावं. म्हणून श्रावणातल्या त्या सकाळी गिरजाबाईंनी सयपाकखोलीतून "अहो, हे काय होय पाहा जरा" अशी हाक दिली, तेव्हा सुरेंद्र सरांनी पेपरातून मान वर केली नाही.

"सोंडा असेल. उन्हात पसरव."

"ऊन कुठी हाये? आन सोंडा मले मालूम नाई का? सारा जन्म तांदूळ पाखडण्यात गेला माहा."

दोन्ही मुद्दे बिनतोड होते. सर उठले. ते कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत. गावात काहीही सरपटलं, उडालं किंवा डसलं की लोक त्यांनाच बोलावत, आणि सरांनी आजवर एकाही प्राण्याला ओळख दाखवायला नकार दिला नव्हता.

सुपातल्या तांदळावर ते बसलं होतं. मसुरीच्या दाण्याएवढं. काळं म्हणावं तर काळं नव्हतं. जुन्या तव्याच्या मागच्या बाजूला जो रंग असतो, ज्याला नाव द्यायच्या भानगडीत कोणी पडत नाही, तो रंग. सरांनी काडी लावून पाहिली. सोंडा काडी लागली की मेल्याचं सोंग घेतो, झुरळ पळतं, ढेकूण फट शोधतो. प्रत्येक किड्याचं माणसाविषयी काही ना काही मत असतंच. याचं नव्हतं. तो नुसता बसून राहिला.

सरांनी भिंग आणलं. सहा पाय, दोन मिशा, डोकं, छाती, पोट. सगळं पुस्तकाप्रमाणे. फक्त कोणत्या पुस्तकाप्रमाणे, ते आठवेना.

"काय होय?"

"बघावं लागेल."

"म्हनजे तुमाले येत नाई."

"ओळख पटल्याशिवाय नाव देत नसतात, गिरजा. याला शास्त्र म्हणतात," असं म्हणून सरांनी किडा बामच्या रिकाम्या बाटलीत घातला आणि झाकण लावलं.

नाव न देण्याचं हे त्या घरातलं दुसरं प्रकरण. पहिलं प्रकरण शेजारच्या खोलीत पाळण्यात झोपलं होतं.

सरांची एकुलती एक मुलगी मयुरी पहिल्या बाळंतपणाला सिरोंचाहून माहेरी आली होती. मुलगा झाला. तब्येतीने ठणठणीत, चेहऱ्याने आजोबांसारखा, म्हणजे कोणीतरी चुकीचं उत्तर दिल्यासारखा. नाव ठेवायचं ते आत्याने, आणि आत्या सिरोंचाला. पावसाळ्यात सिरोंचाचा रस्ता आहे की नाही, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा विषय असतो. या वर्षी नव्हता. जावई रोशन रोज फोनवरून पुराची खबर देई, आणि बारसं पुढे जाई.

"तवर लटारू म्हनू," गिरजाबाई म्हणत. "नाई तं पोचू म्हना. काही तं म्हना. लेकरू असं बिननावाचं ठेवते का कोनी?"

"तात्पुरतं नाव ही जगातली सगळ्यात टिकाऊ वस्तू आहे," सर म्हणत. "माझ्या वर्गात आजवर जितके लटारू आले, ते सगळे तात्पुरतेच ठेवलेले होते. त्याची आत्या येईल, बघेल, ठेवेल."

म्हणून बाळ बाळच राहिलं.

किड्याच्या बाबतीत मात्र सर कामाला लागले. फोटो काढून त्यांनी कीटकप्रेमींच्या ग्रुपवर टाकला. एकाने हात जोडले, एकाने शुभ सकाळ म्हटलं, आणि एका जाणकाराने लिहिलं, "सर, फोटोत तांदूळच दिसून राह्यला." सरांनी पाहिलं. खरंच तांदूळच होता. जिथे किडा होता तिथेही तांदूळ होता. पुन्हा काढला, पुन्हा तांदूळ. सरांनी मोबाईलला दोष दिला. तो स्वस्तातला होता, आणि दोष द्यायला बरा होता.

मग त्यांनी बाटली समोर ठेवून चित्र काढलं. मन लावून काढलं. चहा पिऊन आले आणि पाहतात तर चित्रातल्या किड्याला मान होती, बाटलीतल्याला नव्हती. दुसरं काढलं. तेही काढताना अगदी हुबेहूब होतं.

"मले तं झाकन लावलं का आठवतच नाई कसा होता तो," गिरजाबाई कणीक मळता मळता म्हणाल्या.

सर हसले. दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर तोच किडा काढायला त्यांनी खडू टेकवला, आणि खडू टेकलेलाच राहिला. पोरं वाट पाहत होती. शेवटी सरांनी सोंडा काढला आणि तास संपेपर्यंत सोंडाच शिकवला.

घरी किडे वाढत होते. मिठाच्या बरणीत, हळदीच्या डब्यात, देवघरातल्या निरांजनाच्या वातीशेजारी. काही खात नव्हते. मीठ खाणारा किडा सरांनी ऐकला नव्हता, पण मिठात राहून मीठही न खाणारा त्याहून नवा होता. ओट्यावर साखर सांडली तेव्हा लाल मुंग्यांची रांग लागली. किडा वाटेत बसला होता. रांग त्याच्याजवळ आली, बोटभर अंतरावरून वळली आणि साखरेकडे न जाता आल्या वाटेने परत गेली. सरांनी त्या दिवशी चहा बिनसाखरेचा घेतला. कारण विचारल्यावर शुगर म्हणाले.

मग पोळ्याच्या आदल्या दिवशी मयुरीने हाक मारली. मोठ्याने नाही.

"बाबा. इकडे या."

बाळंतिणीच्या खोलीत शेगडीवर ओवा धुमसत होता. पाळण्याच्या दोरीवर, वरच्या कडीपासून खालच्या गाठीपर्यंत, ते बसले होते. भिंतीवरही होते. त्यांचं तोंड कुठलं आणि पाठ कुठली हे सरांना भिंगातूनही ठरवता आलं नव्हतं, तरी सगळ्यांची तोंडं पाळण्याकडे आहेत एवढं दारातूनच कळत होतं.

"चावत नाहीत ते," सर म्हणाले.

"चावले असते तं बरं होतं. चावल्याले औषद असते." मयुरीने बाळाला छातीशी धरलं होतं. तिचे डोळे जागरणाने आत गेले होते. "हे काही करूनच नाई राह्यले, बाबा. नुसते वाट पाहून राह्यले. माह्या लेकराले काही झालं तं मी काय करू?"

"काही होत नाही."

"मंग काय होय ते सांगा न. तुमी तं सारे किडे शिकवता."

वर्गात असं कोणी विचारलं की सर खिडकीबाहेर पाहत. इथे खिडकीवरही किडे होते.

फवारणी करावी तर तान्हं लेकरू घरात. सिरोंचाला पाठवावं तर रस्ता पाण्यात. गिरजाबाईंनी कडुनिंबाची धुरी दिली, त्यात फक्त माणसं खोकली. सरांनी खराट्याने सगळे लोटून नालीत टाकले. खराटा कोपऱ्यात ठेवून वळले तर दोरी पुन्हा भरली होती. येताना कोणीच दिसलं नव्हतं. सरांनी हात झटकले आणि पाळणा अंगणाच्या बाजूच्या खोलीत हलवला. खोली बदलली, बाकी काही बदललं नाही.

पोळ्याच्या संध्याकाळी शेजारच्या गुणाबाई दाराला पळसाच्या फांद्या लावायला आल्या. त्या दर वर्षी साऱ्या आळीच्या दारांना लावत, कारण बाकीच्यांना नीट लावता येत नाहीत असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी पाळण्याची दोरी पाहिली आणि पदर तोंडाला लावला.

"अवं माय! आन तुमी बसून राह्यले? उद्या मारबत हाये न. हाकलून द्या!"

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, उजाडता उजाडता, दाराच्या त्या फांद्या उपटून गावाबाहेर नेऊन टाकायच्या आणि वर्षभराची पीडा ती वाहून नेणाऱ्या मारबतीच्या गळ्यात घालायची, हा इकडचा जुना रिवाज. ढेकूण, मच्छर, खोकला, ताप, ज्याला जे नको ते ओरडून सांगायचं.

"सांगाच," गिरजाबाई म्हणाल्या. "पन काय म्हनून सांगू? याले नाव कोनतं?"

"नाव तं घ्याच लागते," गुणाबाई म्हणाल्या. "नाव नाई घेतलं तं मारबत बिचारी कोनाले नेईन? सांगा, सर. तुमी तं मास्तर होय."

दोघी सरांकडे पाहू लागल्या. मयुरीही दारात येऊन उभी राहिली. सरांनी त्या क्षणी काहीही ठोकून दिलं असतं तरी चाललं असतं. काळा सोंडा, तवाकिडा, काहीही. पण माणसाची तत्त्वं नेमकी नको तेव्हा जागी असतात.

"ओळख पटल्याशिवाय..." त्यांनी सुरुवात केली.

आत बाळ रडलं. मयुरी निघून गेली.

"राहू द्या तुमची वळख," गिरजाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज कापत होता. बायकोचा आवाज असा कापताना सरांनी फार दिवसांत ऐकला नव्हता. त्यांना वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की ते विनोद करत.

"एवढंच ना? मग असं म्हण, या घरात जे बिननावाचं असेल ते घेऊन जा. नावाची गरज नाही, आणि शास्त्रीयदृष्ट्या अगदी अचूक."

गुणाबाई टाळी देऊन हसल्या. "सरचं डोस्कं पाहा!"

गिरजाबाईंनी ते वाक्य विसरू नये म्हणून स्वतःशी म्हणून पाहिलं. पुन्हा एकदा म्हटलं. चांगलं बसलं तोंडात.

सकाळी आभाळ खाली आलं होतं. आळीत डबे वाजत होते, पोरं चिखलातून पळत होती, आणि प्रत्येक दारातून ओरडा उठत होता.

"खासी खोकला घेऊन जा गे मारबत!"

"ढेकून मोंगसा घेऊन जा गे मारबत!"

सर सयपाकखोलीत उभे होते. हातात बामची बाटली होती. बाहेर डब्यांच्या गलक्यातून गिरजाबाईंचा आवाज वेगळा आला, खणखणीत.

"माह्या घरात जे बिननावाचं असन, ते घेऊन जा गे मारबत!"

बाटलीतला किडा हलला.

पहिल्यांदाच.

मग सगळेच हलले. मिठातून, हळदीतून, वातीच्या बाजूने. घाई नव्हती. ते ओट्यावरून उतरले, जमिनीवर रांगेला लागले आणि मोरीकडे निघाले. सरांना बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की आपल्याला कशाची तरी भीती वाटत होती हे त्यांना तेव्हा कळलं.

मयुरीच्या खोलीकडून दुसरी रांग आली.

ती उंबरा ओलांडून आली. ती मध्ये रुंद होती. एखादी मोठी वस्तू अलगद, हिंदकळू न देता न्यावी, तसे ते चालत होते. सर वाकले. वस्तू डोळ्यांत धरवत नव्हती. पाहिली की निसटत होती.

सरांना ओरडायचं होतं. एक नाव. कोणतंही चाललं असतं.

"लटारू," ते म्हणाले.

रांग मोरीच्या भोकातून गेली. भोक मूठभराचं होतं.

फरशी स्वच्छ होती. बाटली रिकामी होती, झाकण लावलेलं होतं. आपण लटारू का म्हणालो, हे सरांना आठवेना. वर्गात होते त्या नावाचे बरेच.

गिरजाबाई चिखलाचे पाय धुऊन आत आल्या. त्यांनी डबे उघडून पाहिले, सूप झटकलं आणि समाधानाने म्हणाल्या, "गेले एकदाचे."

"गेले," सर म्हणाले.

चहा झाला. साखर होती. रस्ता सुरू झाल्याचा रोशनचा फोन आला, तो मयुरीने स्पीकरवर घेतला. "कवा येऊन राह्यली? चार दिवसासाठी म्हनून गेली न तू?"

"हो न," मयुरी म्हणाली. "येतोच आता. इथी काही काम बी नाई."

ती खाटेवर बसली होती. तिचा एक हात दोरी ओढत होता, सोडत होता, ओढत होता. पाळणा हलत होता. गुणाबाई फांद्या टाकून परत आल्या, त्या दारातच थबकल्या.

"हा पारना कोनाचा वं, गिरजा?"

"मले वाटलं तुमचाच होय."

"माहा कुठचा? पन मजबूत हाये. राहू द्या. मयुरीले लेकरू झालं का कामी येईन."

सगळ्या हसल्या. मयुरीही लाजून हसली आणि उठली. सर तिच्याकडे पाहत होते. तिच्या गाऊनवर छातीशी दोन ओले डाग होते, आणि ते हळूहळू मोठे होत होते.

तिने खाली पाहिलं.

"पानी सांडलं वाटते," ती म्हणाली. तिने डागाला बोट लावलं, बोट नाकाशी नेलं आणि बराच वेळ तशीच उभी राहिली.