कोंडीबाचा डावा पाय

मोबाईल खाली ठेव, वीरधवल. आन् हसायचं न्हाई. हसलास तर उठून जाईन मी.

जोतीराम माझ्या साडूचा ल्योक. सांगलीत कुपवाड रोडला तपासणीच्या लॅबमध्ये कामाला. दवाखान्यात ऑपरेशन झालं की काढलेली गाठ, आतडं, काय आसंल ते गाडीवरनं आणायचं. औषधाच्या पाण्यात बुडवून ठेवायचं. डॉक्टरीणबाई चिरून तपासायच्या. उरलेलं पिवळ्या पिशवीत. सकाळी गाडी येऊन पिशवी न्यायची, जाळून टाकायची.

मागल्या साली आटपाडीकडच्या कोंडीबाचा पाय आला. मेंढरं राखणारा गडी. टाचेला कॅन्सरची जखम, म्हणून डावा पाय गुडघ्याखालनं कापलेला. मागनं बायको आली, हरणाबाई. म्हनली, "तपासून झालं की पाय द्या आवं. आमच्यात मानूस पुरत्यात. सगळा एका जागी गेला पायजे."

"देतो, मावशी," म्हनला जोतीराम.

आन् इसरला! पायाची बादली येगळी ठेवायची, तेवढं ध्यानात ऱ्हायलं न्हाई. सकाळच्या गाडीनं पाय गेला. म्हातारी दारात हुभी. जोतीरामनं काय करावं? प्लास्टरच्या पट्ट्या भिजवल्या, कापूस गुंडाळला, फडक्यात बांधून दिला हातात. औषधाच्या पाण्याचा वास बी त्योच. म्हातारीनं त्यावर भंडारा टाकला, कपाळाला लावला, आन् वाकून ह्याच्याच पाया पडली.

काय म्हनलास? हलकट? व्हय, हलकटच. त्यो बी तेच म्हनतोय. लाजंनं त्याला घास गिळंना. पर म्हातारीला खरं सांगितलं न्हाई.

मार्गशीर्षातली अमावस्या. रात्री पावणेबारा. मिरजंहून तातडीची बरणी आलीती, ती ठेवायला त्यो एकटा लॅबमध्ये. शटर अर्धं खाली.

ठक्.

काठी.

मधी पाऊल न्हाई. परत... ठक्.

शटरखालनं म्हातारा वाकून आत आला. तांबडं मुंडासं. खांद्यावर घोंगडं. डावा पाय गुडघ्याखालनं न्हाई. लोकं रिपोर्टाची वाट बघत्यात, त्या बाकड्यावर बसला. हात पुढं केला.

"आबा... चुकलो. पाय न्हाई. जळला. मी... कापूस दिला..."

म्हाताऱ्यानं हात मागं घेतला.

"मग... कशानं चालू रं?"

आन् ह्याच्या पायाकडं बघितलं. बघतच ऱ्हायला...

लाईट गेली. आली. बाकडं मोकळं.

सकाळी हरणाबाईचा फोन. "मालक काल सांजंला गेलं. तुमी लय केलंसा, म्हनून कळवलं."

मला सगळं सांगून पोरगं लहान लेकरागत रडलं. म्या गचांडी धरून आटपाडीला नेलं. म्हनलं, मेल्या, आता तरी खरं बोल.

बांधावर चपला काढल्या. कालव्याचं पाणी सुटलेलं, रानात निस्ता चिखल. म्हातारीनं जागा दावली. "हितं पाय, हितं मालक. एका जागी हाईत, तुमच्यामुळं."

जोतीरामनं तोंड उघडलं... मिटलं. म्या बी गप. लाज वाटली रं पोरांनो, तिच्या तोंडाकडं बघवंना.

परत निघालो. त्यो माझ्या म्होरं, चांगला दोन्ही पायांनी चालत हुता.

चिखलात ठसे उठत हुते... फकस्त उजव्या पायाचे.