फॅट तेरा

वाळूजच्या प्रयोगशाळेत कडूबा बाटल्या धुवायचा. तिथं तेलविहिरींसाठी जिवाणू वाढवत. खोल खडकाला चिकटून राहिलेलं तेल हे जिवाणू सोडवतात, हे नजमा मॅडमनी त्याला वाळू भरलेल्या नळीत दाखवलं होतं. जिवाणूंचा खुराक म्हणजे साखर कारखान्याची मळी. जिवाणू वाढवून उरलेली मळी मोठ्या कुकरमध्ये शिजवून, ते मारून मगच फेकायची, असा मॅडमचा कडक नियम. पण कडूबा पडला शेतकरी. म्हशीचा घास गटारात ओतणं त्याच्या जिवावर यायचं. दर शनिवारी तो ती न शिजवता तशीच कॅनमध्ये भरून गावी, देवगाव रंगारीला, न्यायचा.

म्हशीनं मळी चाटूनपुसून खाल्ली. डेअरीत दुधाचं फॅट सातावरून नवावर गेलं, मग तेरावर. डेअरीवाल्या काकासाहेबांनी यंत्र दोनदा पुसलं.

"कडूबा, दुधात तूप वततो का काय रे?"

कडूबा नुसता हसला. लेक साळू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिला रोज तांब्याभर सकस दूध मिळत होतं, याचंच त्याला मोठं सुख.

मग म्हैस वाळायला लागली. चारा पोटभर खाई, तरी कातडी हाडांना चिकटली. दूध मात्र घट्ट, पिवळं, येतच राहिलं. एका सकाळी ती मेलेली सापडली. ओढायला चौघांना बोलावलं होतं. दोघांनीच तिला सहज उचललं. खालची जमीन तेलकट झाली होती.

साळू दोन महिने तेच दूध प्यायली होती.

सोमवारी त्यानं मॅडमना सगळं सांगून टाकलं. त्या आधी भडकल्या, मग समजुतीनं बोलल्या.

"काका, हे तापलेल्या खडकातले जिवाणू. आपल्या अंगात ते जगूच शकत नाहीत. बिलकुल फिकर करू नका."

त्याचा जीव भांड्यात पडला.

पंधरा दिवसांनी साळूला मुलगी झाली. कडूबा रजा टाकून धावला. साळूच्या मनगटात बांगड्या ठरत नव्हत्या.

"पण दूध लई येतंय, आबा," ती कौतुकानं म्हणाली.

कडूबाला तिच्याकडं बघवेना. तो मोरीकडं वळला. बाळंतिणीचं करायला येणारी चतुराबाई पाय पसरून बाळाला चोळत होती.

"अजून तेल आणू का?" त्याच्या बायकोनं विचारलं.

चतुराबाईनं मान वर केली नाही.

"नको. वाटीत मी अजून बोटच बुडवलं नाय."

तिच्या दोन्ही कोपरांवरून तेल टपकत होतं.