शेपटीनं कान बुजवलेला साप

बाहेर बर्फ असा कोसळत होता, की शिकागोच्या त्या छोट्याशा संग्रहालयात सुमेधाचं व्याख्यान ऐकायला एकच माणूस आला होता. तोही खरं तर ट्रेन कॅन्सल झाली म्हणून, ऊब शोधत.

"तुम्ही एकटेच आहात. कॅन्सल करूया का?" तिनं इंग्रजीत विचारलं.

"उलट मला नीट ऐकू येईल," मराठीतून उत्तर आलं. तिच्या गळ्यातल्या ओळखपत्रावरचं नाव त्यानं वाचलं होतं.

मध्ययुगातल्या युरोपात मठांतल्या साधूंनी रंगवलेल्या प्राण्यांच्या पोथ्या हा तिचा विषय; त्यातही साप. शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये वाढलेल्या मुलीचं हे वेड आईबाबांनी समजून घेतलं होतं. ज्याच्याशी लग्न ठरलं, त्यानं मात्र "सापांची चित्रं बघून मिळतं काय?" असं चारचौघांत विचारलं आणि तो हसला. लग्न मोडलं, ते हसू मात्र मनातून गेलं नाही. आता हे काम सोडून ती बँकेत लागणार होती.

तिनं पहिलं पान दाखवलं. सोनेरी वर्ख, आणि त्यावर हिरवा साप – एक कान जमिनीला टेकवलेला, दुसऱ्यात स्वतःचीच शेपटी खुपसलेली.

"हा काय करतोय?"

"गारुड्याचा मंत्र ऐकायचा नाही म्हणून कान बुजवलेत. चांगलं सांगणाऱ्याचंही न ऐकणारी माणसं... अशी असतात म्हणे."

"माझा मॅनेजर सेम असाच बसतो, यार."

ती खळखळून हसली. कितीतरी महिन्यांनी.

"मी निमिष, नागपूरचा," तो म्हणाला. "गावाच्या नावातच नाग आहे. जपून राहा."

"मला सापांची भीती वाटत नाही," ती म्हणाली, आणि उगीचच लाजली.

पुढच्या पानावरचा साप झऱ्यावर पाणी पीत होता.

"पाण्यावर येताना हा आपलं विष बिळात ठेवून येतो," तिनं सांगितलं. "चर्चमध्ये येताना माणसानंही मनातलं वैर असंच मागं ठेवावं, असा अर्थ."

"आणि परत गेल्यावर... ते विष पुन्हा घेतो?"

"ते पोथीत नाही."

"मग नसेल घेत," तो हळूच म्हणाला.

तिला एकदम भरून आलं. संध्याकाळी ट्रेन सुरू झाली. निमिषही नेपरव्हिललाच राहत होता. वाटेत तिनं त्याला सगळं सांगितलं – मोडलेलं लग्न, ते हसू, बँकेची नोकरी. तो मध्ये एक शब्द बोलला नाही. सोमवारी तिनं बँकेला नकार कळवला.

मग तो दर शनिवारी व्याख्यानाला येऊ लागला. कधी मित्रांना, कधी शेजारच्या सुलेखाकाकूंना घेऊन. त्या कॅन्सल झालेल्या ट्रेनचे ती मनोमन आभार मानायची.

मार्चमध्ये, नेपरव्हिलच्या स्टेशनबाहेर, तो खाली बघत म्हणाला, "माझी ट्रान्सफर झालीये. अल्फारेटाला, अटलांटाजवळ."

वितळत्या बर्फाचं पाणी छपरावरून ठिबकत होतं.

"निमिष... त्या दिवशी तू नुसता ऐकत राहिलास, म्हणून माझं काम माझ्यापाशी राहिलं. थँक यू म्हणायचं राहूनच गेलं."

"हे निरोपाचं बोलणं आहे का?"

"नाही. माझं तुझ्यावर प्रेम आहे – हे सांगायच्या आधीचं आहे."

त्यानं हातमोजा काढला आणि तिचा गार हात आपल्या हातात घेतला.

"मी दर शनिवारी हेच ठरवून यायचो," तो म्हणाला. "आणि सापांबद्दलच विचारून परत जायचो."

"अटलांटाहून विमानं येतात ना?"

"दर शुक्रवारी एक तरी येईल. माझ्यासकट."

हात न सोडवता तिनं दुसऱ्या हातानं फोन लावला. "आई, आज जेवायला एक पान जास्त घे... हो. तोच."