टाकीवरची लटकती फुलं

कारवीवाडीच्या पाण्याच्या टाकीवर एक डोंगर रंगवला होता. डोंगराबद्दल कुणाची तक्रार नव्हती. तक्रार होती फुलांची. ती डोंगरावर नव्हतीच. डोंगराच्या टोकापासून चांगली हातभर वर, हवेत लटकत होती.

"चित्रकारीण चुकली," असं अर्धं गाव म्हणे. उरलेलं अर्धं गाव जरा समजूतदार होतं. ते म्हणे, "टाकीच वाकडी असेल."

चित्रकारीण म्हणजे दहा वर्षांच्या रेवाची शर्वरीआत्या. शहरात तिची चित्रं मोठ्या दालनांत लागत आणि लोक त्यांच्यासमोर हनुवटीला हात लावून उभे राहत. ग्रामपंचायतीनं तिला विषय दिला होता, 'पन्नास वर्षांनंतरचा आपला डोंगर'. मदतीला होता रंगोबा, म्हणजे रंगकाम करणारा यंत्रमानव. त्याला चार हात होते, पोटात रंग होते आणि डोक्यात भयंकर शिस्त होती. आत्या जेवायला गेली की तो लटकती फुलं पुसून डोंगरावर नेऊन बसवी.

"रंगोबा, पुन्हा?"

"फुलं जमिनीत उगवतात. चूक दुरुस्त केली आहे. आभार मानण्याची गरज नाही."

आज मात्र सरपंच हणमंततात्या स्वतः आले. "शर्वरी, उद्या उद्घाटन आहे. संध्याकाळपर्यंत फुलं खाली आली पाहिजेत. नाहीतर सगळ्या टाकीला चुना फासतो!"

"फासा," आत्या ब्रश धूत म्हणाली. "फुलं उतरणार नाहीत."

"अगं, पण ती वर का गेली, ते तरी सांगशील?"

"विनोद सांगून झाल्यावर तो समजावतात का? चित्राचंही तसंच."

तात्या पाय आपटत गेले. चित्र पुसलं गेलं तर आत्या गावाचं नाव टाकेल, हे रेवाला पक्कं ठाऊक होतं. मागं एकदा कुणी तिच्या चित्रावर वाळवण घातलं होतं, तर ती दोन दिवाळ्या फिरकली नव्हती.

"आत्या, मला तरी सांग ना. मी विनोदाला हसते की नाही, ते नंतर बघ."

आत्या हसली. "ही फुलं ओळखलीस?"

"माथेराणी! ती फक्त डोंगराच्या माथ्यावर येते."

"खाली का येत नाही?"

"खाली उकडतं म्हणून?"

"बरोबर. हजार मीटर वर चढलं की हवा साधारण सहा अंशांनी गार होते. प्रत्येक झाडाला आपापल्या सोयीची हवा लागते. ती जिथं मिळते ते त्याचं घर, म्हणजे अधिवास (राहण्याजोगी जागा). आता पृथ्वीची हवा एका अंशानं तापली, तर पूर्वीचा गारवा मिळवायला किती वर जावं लागेल?"

रेवानं बोटांवर हिशेब केला. "हजार भागिले सहा... दीडशेहून जास्त मीटर! पण झाडं चालतात कुठं?"

"चालत नाहीत," रंगोबा म्हणाला. "मी तपासलं आहे."

"बिया चालतात," आत्या म्हणाली. "वाऱ्यानं उडतात, पाखरांच्या पोटातून जातात. खाली पडलेल्या उकाड्यानं मरतात, वर पडलेल्या रुजतात. पिढ्यामागून पिढ्या असं झालं की सगळी वस्तीच वर सरकते. याला म्हणतात स्थलांतर (राहती जागा बदलणं). पायथ्याची झाडं मध्यावर येतात, मध्यावरची माथ्यावर. आणि माथ्यावरची?"

रेवानं चित्राकडं पाहिलं. मग तिची नजर आणखी वर, टाकीच्या छताकडं गेली. तिथं कठड्याआडून तात्यांची झोपायची बाज डोकावत होती. रेवा उठली आणि तात्यांच्या घराकडं पळत सुटली.

कारवीवाडीत उन्हाळा लागला की बाजा वर चढत. आधी घरातून ओसरीवर, मग ओसरीवरून गच्चीवर. हणमंततात्यांना उकाडा अंमळ जास्तच होई, म्हणून यंदा त्यांनी आपली बाज थेट टाकीच्या छतावर नेली होती. सरपंचांना गावावर नजर ठेवावी लागते, असं ते कारण सांगत.

तात्या चुन्याची बादली ढवळत होते.

"तात्या, तुम्ही टाकीवर का झोपता?"

"गच्चीवर उकडतं बाळ."

"पुढच्या वर्षी टाकीवरही उकडलं तर?"

"तर काय, बाज हवेत टांगू?" तात्या खेकसले.

रेवानं टाकीवरच्या फुलांकडं बोट दाखवलं. तात्यांनीही तिकडं पाहिलं. ढवळणारा हात थांबला.

"अरेच्चा," ते हळूच म्हणाले. "उकाड्यानं चढता चढता फुलांना वर जागाच उरली नाही की गं!"

ते बादली तिथंच टाकून निघाले आणि टाकीखाली येऊन उभे राहिले. आपल्या नकळत त्यांचा हात हनुवटीला गेला.

"शर्वरी, मग ही माथेराणी गेलीच म्हणायची?"

"छे! पलीकडचा म्हातारडोंगर उंच आहे. मधल्या उघड्या माळावर देशी झाडंझुडपं लावून हिरवी वाट केली, तर पाखरं बिया तिकडं नेतील. काही बिया आपणही नेऊ, जाणकारांना विचारून. आणि मुख्य म्हणजे जगानं धूर कमी केला, तर चढायची वेळच कमी येईल. म्हणून तर डोंगर पक्क्या रंगात आहे आणि फुलं कच्च्या. फुलांचा रंग पावसाला भीत नाही, पण रंगोबाच्या कोमट साबणाला लगेच शरण जातो."

"म्हणूनच ती रोज निघत होती," रंगोबा म्हणाला. "मला वाटलं, माझं कौशल्य."

रेवा आनंदानं ओरडली, "म्हणजे गावानं झाडं लावली की फुलं खाली आणायची!"

"माळावर रोपं जगली की दरवर्षी एक फूल खाली," तात्यांनी जाहीर केलं. "उद्या उद्घाटनातच सांगतो. आणि शर्वरी... तिथं वर जागा आहे, तर चित्रात माझीही बाज काढ. फुलांना सोबत."

रंगोबानं लगेच चारही हात कामाला लावले. बाज झाली, बाजेवर घोरणारे तात्या झाले, पोटावर पंचासुद्धा झाला. तोवर जमलेलं गाव पोट धरून हसलं.

"छान!" तात्या म्हणाले. "फुलं उतरली की मलाही उतरव हो."

"ते शक्य नाही," रंगोबा म्हणाला. "तुम्हाला पक्क्या रंगात काढलं आहे."