टँकर गिळणारी माती

"बशीवर ओत! थेट मातीवर नको!" बिरदेव किंचाळला.

वैष्णवीने तांब्या बशीवर तिरका केला. दौंडच्या रेल्वे कॉलनीतून निमोण्याला सुट्टीत आलेला हा आतेभाऊ माशांच्या टाकीपायी तिच्या मानगुटीवर बसला होता. माती भिजव, वाळव, चाळ! तळाशी दोन बोटं माती, वर वाळूचं पांघरूण, त्यात पाणवनस्पती. लग्नाच्या मांडवालाही इतका थाट नसतो!

"थेट ओतलं की माती उसळते. मग नुसता राडा!"

बिरदेवने दौंडहून आणलेल्यांपैकी निम्मे गप्पी मासे सोडले. तासाभरात सगळे उताणे!

"शहरातलं मासं नाजूकच," आप्पांनी, म्हणजे वैष्णवीच्या वडिलांनी, खाटेवरूनच निदान केलं आणि कूस बदलली.

वैष्णवीला पटेना. टाकीतली माती ओढ्याकाठची होती. तिने शेतातली काळी माती घालून दुसरी टाकी लावली. त्यात सोडलेले उरलेले मासे खुशाल हुंदडू लागले!

"म्हंजी मरण ओढ्याच्या मातीत हाय!" ती ओरडली. ओढ्याला लागूनच विहीर होती, अन् सगळी वस्ती तिचंच पाणी प्यायची.

भर दुपारी वस्ती घोरत असताना ओढ्यात कोण काय टाकतंय ते बघायला दोघं काठावर दबा धरून बसली. आप्पांच्या शेतातल्या कच्च्या वाटेने एक टँकर आला. ड्रायव्हरने पाइप ओढ्यात सोडला. जांभळं, फेसाळ पाणी! नाक जळायला लागलं.

"ए! काय सोडतोयस रे?" वैष्णवी ओरडलीच.

"खाद है! भाग!" लोखंडी टामी उगारून तो धावून आला. बिरदेवच्या दंडावर तडाखा बसला. पडता पडता बिरदेव त्याच्या पोटरीला असा कडकडून चावला, की त्याचं हिंदी संपलं.

"आई गं! मेलो!"

वैष्णवीच्या गलोलीतला खडा त्याच्या कपाळावर बसला. रक्ताची धार डोळ्यात उतरली. त्याने तिची वेणी धरून तिला टँकरवर आपटलं. तिचं तोंड रक्ताने भरलं. तिने मातीचं ढेकूळ त्याच्या तोंडात कोंबलं. तो थुंकत, शिव्या देत केबिनमध्ये चढला.

"पळतोय!" बिरदेव ओरडला.

वाटेशेजारून कालव्यातून आप्पांच्या पाळीला मिळालेलं पाणी पाटाने वाहत होतं.

"बिऱ्या, आता थेट ओतायचं!" वैष्णवीने लाथा घालून पाटाचा बांध फोडला. पाणी वाटेवर धावलं. दगडासारखी काळी माती बघता बघता चिखल झाली. चाकं गरगरली अन् पार निम्मी रुतली. टामी घेऊन ड्रायव्हरने उडी मारली, तो गुडघ्यापर्यंत आत! मग ढेकळांचा असा मारा झाला, की टामी टाकून त्याने डोकं धरलं.

बोंबाबोंब ऐकून वस्ती काठ्या घेऊन धावली. सर्वांत पुढे आप्पा. त्यांनी काठी उगारली ती वैष्णवीवर!

"माझ्या पाळीचं पाणी रस्त्यावर?"

"आप्पा, आधी ओढा बघा!"

आप्पांनी ओढा बघितला. काठी हळूच खाली आली.

"फुकट खत टाकतो म्हनला... वाट म्याच दिली."

पोलिसांनी ड्रायव्हरला चिखलातून उपटून नेलं. त्याने मालकाचं नाव पोलीस ठाण्यात पोहोचायच्या आधीच सांगितलं. विहिरीचं पाणी तपासलं गेलं; विष अजून तिथवर झिरपलं नव्हतं! सरपंचांनी दोघांना नारळ दिले. सुजल्या ओठांनी वैष्णवीला भाषण करता आलं नाही, हे सगळ्यांचं नशीब.

आता जित्या माशांची ती दुसरी टाकी विहिरीच्या कठड्यावर असते. सकाळी आप्पा विहिरीचं तांब्याभर पाणी तीत ओततात, बशीवर, हळूच. मग तासाभराने वाकून बघतात आणि वस्तीला हाक देतात,

"मासं जित्तं हायती! भरा पानी!"