पाणी न पिणारा स्पंज

प्रयोगशाळेचं दार उघडलं तेव्हा ती तरुण संशोधिका टेबलावरच्या पांढऱ्या तुकड्याकडे पाळण्यातल्या बाळाकडे बघावं तशी बघत होती — श्वास रोखून, हात न लावता. जुन्या सुती चिंध्यांचा लगदा गोठवून, वाळवून केलेला, बिस्किटाएवढा, सच्छिद्र स्पंज. समुद्रात सांडलेलं तेल याने प्यायचं आणि पाणी सोडायचं, एवढीच माफक अपेक्षा. आधीच्या सगळ्या तुकड्यांनी नेमकं उलटं केलं होतं. प्रकल्पप्रमुख सरांनी सांगून टाकलं होतं, "आज बंदरावरच्या चाचणीत हाही बुडाला, तर प्रकल्प गुंडाळा."

दारात बंदरात जहाजं ओढणाऱ्या टगबोटीचा इंजिनवाला उभा होता, तुकडा न्यायला आलेला. नखशिखांत भिजलेला, चेहरा इंजिनाच्या तेलाने माखलेला.

"लाट आली हो अंगावर," तो म्हणाला, आणि समोर दिसला तो स्पंज उचलून त्याने खुशाल तोंड पुसलं.

"अहो! काळं करा तोंड इथून!"

"ते आधीच झालंय... पण तुमचा स्पंज काही कामाचा नाही. पाणी पुसतच नाही!"

ती बरंच काही बोलणार होती. पण... तेल गेलं होतं. सगळं. आणि पाणी जागच्या जागी — कपाळावर, पापण्यांवर, थेंबन् थेंब शाबूत. तेलाखालून निघालेला चेहराही, शास्त्रीय दृष्टीने बघता, दखल घेण्याजोगा होता.

"हलू नका. निरीक्षण चाललंय."

"स्पंज तर माझ्या हातात आहे..."

"गप्प बसा हो."

"बरं, पिळून तरी देतो." आणि तिने 'नको' म्हणायच्या आत त्याने पिळलाही! तिची कधी हिंमतच झाली नव्हती. काळं तेल बशीत ठिबकलं. चपटा तुकडा क्षणभर रुसला... मग हळूहळू फुगून होता तसा झाला.

संध्याकाळी बंदरावर तो तरंगला, तेल प्यायला, पिळला गेला, पुन्हा प्यायला. सर म्हणाले, "मला खात्री होतीच." सरांना खात्री नेहमी नंतरच असे.

दुसऱ्या दिवशी इंजिनवाला पुन्हा दारात. चेहरा काळाकुट्ट.

"टगबोट तर आज बंद आहे म्हणे," ती म्हणाली.

"हो ना... तेल शोधता शोधता नाकी नऊ आले."

तिने पर्समधून स्वतःचा रुमाल काढला.

"स्पंज नाही?"

"तो चाचणीपुरता. चाचणी कालच झाली, दोघंही पास झालात." त्याची हनुवटी धरून ती शांतपणे पुसू लागली. "उद्यापासून तोंड धुऊन येत जा."